पाचूतला पांढरा ठिपका

बाबासो मगदूम रोज सकाळी चपला मोजायचे. स्वतःच्या नव्हेत, त्या एकाच जोडाला मोजायचं काय! समोरच्या इमारतीच्या जिन्यापाशी लोकांनी काढून ठेवलेल्या चपला मोजायचे. दुकानाची फळी उघडली, गादी झटकली, उदबत्ती लावली की त्यांची नजर आपोआप तिकडं जायची. चार जोड दिसले तर चहा कसाबसा घशाखाली उतरायचा. सात-आठ दिसले तर चहा तसाच निवून जायचा आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर विनाकारण आवाज चढायचा.

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, बाबासोंचं दुकान म्हणजे दोन माणसं मांडी घालून बसली की तिसऱ्यानं रस्त्यात उभं राहावं एवढंच. गादी, बुटकं मेज, पितळी ताट, एक भिंग आणि दाराकडून येणारा उत्तरेचा उजेड. एवढ्या संसारावर या माणसानं चाळीस वर्षं रत्नं पारखली होती. ते दागिने विकत नव्हते, घडवत नव्हते. सराफ आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये बसून खडा खरा की खोटा एवढंच सांगायचे. खरं म्हणजे सांगायचेही नाहीत. खडा खरा असला की पांढऱ्या कागदाची पाच घड्यांची पुडी घालून ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. खोटा असला की तसाच उघडा ताटात ठेवून ताट दोन बोटांनी पुढं सरकवायचे. तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. 'खोटा' हा शब्द त्या गादीवर कधी उच्चारला गेला नव्हता. कुणाच्या आजीचा खडा असतो, कुणाच्या लग्नातला असतो. चार माणसांत तो शब्द ऐकला की माणूस खचतो, आणि उघडा खडा बघितला की नुसता गप्प होऊन उठून जातो, असं बाबासोंचं म्हणणं. "बाबासोंनी पुडी घातली" असं कुणी म्हटलं की गुजरीत पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

ती पद्धत मोडली दीपानं. दीपा म्हणजे बाबासोंच्या मयत धाकट्या भावाची मुलगी. तीन वर्षांपूर्वी मुंबईहून रत्नशास्त्राची परीक्षा देऊन आली आणि कुठं जागा घेतली, तर बरोबर काकांच्या समोर, पहिल्या मजल्यावर. तिच्याकडं दोन डोळे लावायचा मोठा सूक्ष्मदर्शक, जांभळा उजेड पाडणारा दिवा आणि खड्यावर लेसर टाकून पडद्यावर रेघा काढणारी एक पेटी होती. ती खडा बघायची आणि छापील कागद द्यायची, खाली सही-शिक्का. आणि जिन्यावर पाटी होती, 'दीपा मगदूम, रत्नपरीक्षक'.

आडनाव तेच. येणारा प्रत्येक जण ती पाटी वाचून बाबासोंकडं वळायचा आणि विचारायचा, "तुमचीच काय वं पोरगी?" बाबासो "व्हय" म्हणायचे, आणि त्या एका 'व्हय'नं त्यांच्या छातीत जी आग व्हायची ती दुपारच्या ताकानंही शमायची नाही.

आता खरं सांगायचं तर हा मत्सर तीन वर्षांचा नव्हता. त्याला चांगली वीस वर्षं झाली होती, फक्त तोवर त्याला पाटी नव्हती. दीपा तेरा वर्षांची असताना दोन उन्हाळे काकांच्या दुकानात येऊन बसली होती. "काका, मला बी भिंगातनं दाखवा की," म्हणून मागं लागायची. त्या वेळी बाबासो आपल्या मुलाला, अभिनंदनला, शिकवत होते. अभिनंदन भिंगाचा उपयोग उन्हात कागद जाळायला करायचा. आणि ही पोर नुसती लांबून खडा बघून म्हणायची, "काका, हा हिरवा त्या हिरव्यापेक्षा थोडा निळा हाय." बरोबर असायचं तिचं. बाबासोंना ते कळायचं, आणि कळायचं म्हणूनच राग यायचा. आपल्या पोटच्या पोराला जे दिसत नाही ते भावाच्या पोरीला का दिसावं? मग ते तिच्यापुढं कागदाचा गठ्ठा टाकायचे. "तू पुड्या घाल." दोन उन्हाळे तिनं शेकडो पुड्या घातल्या. भिंग काही तिच्या हातात मिळालं नाही. अभिनंदन पुढं पुण्याला संगणकाच्या नोकरीत गेला, भिंग गादीवरच राहिलं, आणि दीपा कुणालाही न विचारता आपल्या वाटेनं शिकून आली.

बाबासोंची बायको पद्मावती हे सगळं ओळखून होती. जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्या वेळी ताटावर बसून बाबासो समोरच्या लॅबला नावं ठेवू लागले की ती भाकरी वाढता वाढता म्हणायची, "क्षमावाणीला माफी मागत सगळ्या गुजरीला हात जोडून आलासा. एक जिना तेवढा चढायचा राहिला न्हवं?"

"माझं गुडघं दुखतात," बाबासो म्हणायचे.

"गुडघं न्हाय, पोट दुखतंय," पद्मावती म्हणायची आणि आमटीचं भांडं पुढं सरकवायची.

पोट दुखण्याला कारणही तसंच घडत होतं. गेल्या दिवाळीनंतर दोन गिऱ्हाइकं अशी निघाली, की ज्यांच्या पाचूला बाबासोंनी पूर्वी पुडी घातली होती, आणि दीपानं त्यावर 'प्रयोगशाळेत वाढवलेला' असा कागद दिला. ती गिऱ्हाइकं बाबासोंशी भांडायला आली नाहीत. आली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दुकानावरून मान खाली घालून गेली, म्हातारा माणूस आहे, कशाला दुखवा, अशा चालीनं. बाबासोंना सगळं सोसलं असतं, पण ही कीव सोसेना.

पाचू हे रत्न मोठं चमत्कारिक. हिऱ्यात डाग म्हणजे दोष, पण पाचूत डाग म्हणजे जन्माचा दाखला. जमिनीच्या पोटात तो घडत असताना त्यात बारीक तडे, धागे, पाण्याचे थेंब अडकून राहतात. गुजरीत त्याला जाळं म्हणतात. हिरवी काच स्वच्छ असते, ती ओळखायला काही अक्कल लागत नाही. लॅबमधला पाचू मात्र काच नव्हे. पदार्थ तोच, रंग तोच, फक्त लाखो वर्षांऐवजी भट्टीत काही महिन्यांत वाढलेला. आणि जाळं त्यातही पडतं. तिथं भल्याभल्यांची गाळण उडते.

पण आपली उडणार नाही, याची बाबासोंना खात्री होती, कारण त्यांच्याकडं नमुना होता. तरुणपणी ते तीन वर्षं जयपूरला एका जुन्या पारख्याकडं राहिले होते. त्यांना बाबासो वस्ताद म्हणायचे. निघताना वस्तादांनी चांदीच्या डबीत घालून एक पाचू दिला आणि सांगितलं, की खाणीचा पाचू कसा असतो ते यात बघ, आणि आयुष्यभर यावरून नजर धर. आत धुरकट जाळं होतं आणि जाळ्याच्या कडेला एक लखलखणारा तिकोनी ठिपका. वस्ताद म्हणाले, ही सोनमाखी. खडकात सापडणारं, सोन्यासारखं दिसणारं खनिज. जिथं सोनमाखी तिथं खाण.

चाळीस वर्षं बाबासो रोज सकाळी ती डबी उघडून त्या ठिपक्याचं दर्शन घेत. कुठल्याही पाचूत तसा ठिपका दिसला की त्यांना गावचा माणूस भेटल्यासारखं वाटे आणि हात आपोआप पुडीच्या कागदाकडं जाई.

तर या नमुन्यावरूनच त्यांच्या डोक्यात बेत शिजला. दीपाची यंत्रं चांगल्या खड्यांना लॅबचा ठरवतात, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मग जो खडा खाणीचा आहेच आहे, तोच परक्या माणसाच्या हातून तिच्याकडं पाठवला तर? ती त्यालाही लॅबचा म्हणाली की संपलं. डबी उघडून गुजरीला दाखवायची, वस्तादांचं नाव सांगायचं, आणि ती पाटी आठ दिवसांत खाली उतरेल. ही कल्पना सुचली त्या दिवशी बाबासोंनी दोन वेळा आमटी मागून घेतली. पद्मावतीला संशय आला, पण तिनं विचारलं नाही.

परका माणूसही मिळाला. मुरगूडचा कृष्णात हा म्हशीवाला, आडदांड, मोठ्या आवाजाचा. दर बुधवारी कोल्हापुरात यायचा, अंबाबाईचं दर्शन घ्यायचा आणि बाबासोंच्या दुकानासमोर उभ्या-उभ्या चहा प्यायचा. अठरा वर्षांपूर्वी एका जोतिषानं त्याला बुध सुधारायला पाचू घालायला सांगितला होता. त्या खड्याला पुडी बाबासोंनीच घातली होती. तेव्हापासून ती अंगठी त्याच्या करंगळीत रुतून बसली होती आणि कृष्णातची बाबासोंवर देवासारखी श्रद्धा होती.

"कृष्णात, एक काम कर," बाबासोंनी हळू आवाजात सांगितलं. "हा खडा घे, वर जा, तुझाच हाय म्हणून सांग. ती काय म्हणती ते फकस्त ऐकून ये. माझं नाव काढू नको."

"एवढंच न्हवं? आत्ता जातो," कृष्णात म्हणाला.

बाबासोंनी डबीतून पाचू काढला, सवयीनं पाच घड्यांची पुडी घातली आणि त्याच्या हातात दिली. कृष्णात रस्ता ओलांडून गेला. जिन्यापाशी त्यानं आपला भला थोरला जोड काढला. बाबासोंनी मोजलं, नऊ. पण आज त्या नऊचं त्यांना वाईट वाटलं नाही. आज जेवढी जास्त माणसं तिथं असतील तेवढं चांगलंच होतं.

अर्धा तास गेला. बाबासोंनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. मग जिन्यावरून आवाज आला. कृष्णातचा आवाज मुरगूडच्या शिवारात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाणारा, गुजरीच्या गल्लीत तो मावणार कसा!

"बाबासो! अवं बाबासो! काय म्हणती बघा की ही पोरगी! तुमचा खडा लॅबचा म्हणती!" माझं नाव काढू नको, हे सांगितलेलं तो जिन्यातच विसरला होता. "आणि गेलतो तर म्हटलं माझी अंगठी बी दाखवावी, तर ती बी लॅबची! दोन्ही बी खोटं म्हणती!"

गल्लीतली माणसं थांबली. समोरचा सराफ गल्ल्यावरून उठून दारात आला. बाबासोंच्या मनात त्या क्षणी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पाहिजे होतं तेच झालं होतं. ती चुकली होती, आणि एकदा नव्हे, दोनदा. वीस वर्षांची आग एकदम थंड झाली. त्यांनी गादीवर पाठ ताठ केली आणि गंभीर आवाजात म्हणाले, "ये, कृष्णात. दोन्ही ताटात ठेव."

कृष्णातनं करंगळीला थुंकी लावून, पिळून पिळून अंगठी काढली आणि नमुन्याशेजारी ठेवली. तोवर दीपा जिना उतरून आली होती. तेहेतीस वर्षांची बाई, अंगावर साधा पंजाबी ड्रेस, चष्मा डोक्यावर सरकवलेला. गर्दीनं तिला वाट दिली. ती दुकानाच्या पायरीशी उभी राहिली.

"काका, खडा तुमचा आहे हे मला आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "पुडी बघितली की मी. या पाच घड्या आपल्या दोघांशिवाय कोण घालतं गुजरीत? म्हणून कागद काढला नाही. म्हटलं, स्वतः खाली येऊन बोलावं. पण कृष्णातमामा माझ्या आधीच खाली पोचले."

चोरी करायला निघावं आणि दारात आपलंच नाव लिहून यावं, तसं त्यांनी केलं होतं. पण माघार घ्यायची ही वेळ नव्हती.

"ह्या खड्यावर मी चाळीस वर्षं नजर धरलीया," ते गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या वस्तादानं दिलेला हाय. ह्यात सोनमाखी हाय. सोनमाखी खाणीत असती, भट्टीत न्हाय. तुझ्या यंत्राला ती दिसत न्हाय व्हय?"

"दिसते," दीपा म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि त्याचाच बाबासोंना जास्त संताप आला. ती जवळ आली, वाकली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं, "काका, त्या ठिपक्याचा रंग कसला आहे? पिवळा की पांढरा?"

बाबासोंची नजर ताटातल्या खड्याकडं गेली.

"सोनमाखी पिवळी असते," ती तशीच हळू बोलत होती. "हे पाचू प्लॅटिनमच्या मुशीत वाढवतात. मुशीच्या अंगाचा बारीक कण सुटतो आणि खड्यात अडकतो. पांढरा, तिकोनी. माझं ऐकू नका. तुम्ही बघा, आणि तुम्हीच सांगा. मी वर जाते."

पण ती गेली नाही, कारण गर्दीनं तिची वाट बंद केली होती. सगळ्यांना निकाल हवा होता.

बाबासोंनी भिंग डोळ्याला लावलं. आधी नमुना घेतला. जाळं ओळखीचं, धुरकट, रोजच्यासारखं. कडेला ठिपका. त्यांनी खडा उजेडाकडं कलता केला. ठिपका चमकला, आणि तो पांढरा चमकला. चांदीसारखा पांढरा. मग त्यांनी कृष्णातची अंगठी घेतली. तिथंही तसाच ठिपका होता, तिकोनी, पांढरा.

खरी गोष्ट अशी, की तो पांढरा आहे हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं. सोन्या-चांदीच्या गल्लीत आयुष्य गेलेल्या माणसाला पिवळं आणि पांढरं कळत नाही असं होईल कसं? पण वस्ताद सोनमाखी म्हणाले होते, म्हणून डोळ्यांनी पांढरं बघितलं आणि मनानं पिवळं मानलं. वस्तादांना कुणी फसवलं होतं, की त्यांनाच कळलं नव्हतं, ते आता विचारायची सोय नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला दहा पटींचं भिंग वापरणाऱ्याला आपल्या डबीतलं मुसळ दिसलं नव्हतं.

"काय वं बाबासो?" कृष्णात ओरडला. "पुडी घाला की! ह्या पोरीला दाखवा जरा!"

पुडीचा कागद हाताशीच होता. बाबासोंचा हात त्याच्यावर गेला. पाच घड्या घालायच्या आणि कृष्णातच्या हातात द्यायचं, एवढंच काम. गुजरी त्यांच्यावर विश्वास ठेवणार होती. समोर वीस माणसं उभी होती आणि त्यांतल्या एकाच्याही घरी ती लेसरची पेटी नव्हती. दीपाची पाटी आठ दिवसांत उतरली असती. चपला पुन्हा इकडं आल्या असत्या. त्यांना ते इतकं हवं होतं, की पहिली घडी पडलीसुद्धा.

मग त्यांची नजर दीपावर गेली. ती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत नव्हती. ती त्यांच्या बोटांकडं, त्या घडीकडं बघत होती, तेरा वर्षांची असताना बघायची अगदी तशीच, लक्ष देऊन. काका पुडी घालतील आणि आपण संपू, हे तिला कळत होतं. आणि तरीही तिनं मघाशी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं नव्हतं, कानात विचारलं होतं. बाबासोंना वाटलं, आपण हिच्या जागी असतो तर? गल्लीभर ओरडून सांगितलं असतं. हे जे तिच्यात होतं आणि त्यांच्यात नव्हतं, त्याचाच तर त्यांना आजवर सगळ्यात जास्त मत्सर वाटत आला होता.

त्यांनी कागद बाजूला टाकला. खडे ताटातच होते. रिवाजाप्रमाणं आता नुसतं ताट दोन बोटांनी पुढं सरकवायचं, आणि न बोलता सुटका करून घ्यायची. पण कुणाच्या पुढं सरकवणार? त्यातला एक खडा त्यांचाच होता.

"खोटा," बाबासो म्हणाले.

गल्लीत कुणाला पटकन कळलंच नाही. हा शब्द त्या गादीवरून कुणी ऐकला नव्हता.

"कृष्णात, तुझा खोटा हाय," ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्यानं. "आणि माझा बी खोटाच. पोरगी बरोबर सांगती."

"खोटा नाही काका, लॅबचा आहे," दीपा घाईनं म्हणाली. "पाचूच आहे तो."

"खाणीचा म्हणून दिला आणि मुशीतला निघाला, तर तो खोटाच. त्याला दुसरा शब्द न्हाय," बाबासो म्हणाले, आणि भिंग खाली ठेवलं.

कृष्णातनं करंगळीवरचा पांढरा वळ चोळला. मग म्हणाला, "मग माझ्या म्हशी कुणी दिल्या? दोनाच्या चौदा झाल्या हा खडा घातल्यापासनं." कुणीतरी हसलं. कृष्णात हसला नाही. त्यानं अंगठी उचलली, पुन्हा बोटात रुतवली. "म्हशी खऱ्या हाईत न्हवं? मग ऱ्हाऊ दे." तो चार पावलं गेला आणि वळला. "पण बाबासो, तुम्ही पुडी घातलीती." या वेळी त्याचा आवाज अगदी हळू होता.

त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं गुजरीत दोघं-तिघं म्हणाले, पण मागून म्हणाले. घरी पद्मावतीनं काही विचारलं नाही. गल्लीतली बातमी घरापर्यंत बाबासोंच्या आधी पोचली होती. तिनं पान वाढलं. बाबासोंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "तिला सगळं दिसतंय. पयल्यापासनंच दिसायचं."

"मग हे तिला सांगायचं. मला काय सांगतासा?" पद्मावती म्हणाली.

"जळतंय माझं अजून," बाबासो म्हणाले. इतक्या सरळ त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.

"जळू दे की. जिना चढायला त्याची आडकाठी हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबासोंनी दुकानाची फळी उघडली नाही. ते समोरच्या जिन्यापाशी गेले. सवयीनं मोजलं, पाच जोड. मग आपल्या वहाणा काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या, आणि क्षणभर त्या सहाव्या जोडाकडं परक्याचा असावा तसं बघत राहिले. मग कठड्याला धरून वर गेले.

दीपाच्या खोलीत बाकावर तीन सराफ आणि एक नवराबायको बसले होते. सगळी उठून उभी राहिली. बाबासोंनी हातानं त्यांना बसायला सांगितलं आणि चांदीची डबी सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवली.

"ह्या ठिपक्यावरनं मी आजवर कुणाकुणाला पुड्या घातल्या ती नावं आठवून ठेवलीत," ते म्हणाले. "अकरा आठवली. त्यास्नी बोलवून आणतो. तू बघून दे."

दीपानं होकाराची मान हलवली. ती काहीतरी बोलणार होती, पण बाबासोंचं संपलं नव्हतं. त्यांनी त्या दोन डोळ्यांच्या यंत्राकडं बघितलं. हे आपल्या हातात तिसाव्या वर्षी का आलं नाही, या विचारानं त्यांच्या पोटात पुन्हा तीच जुनी कळ उठली. ती दाबून न ठेवताच ते म्हणाले, "आणि मला बी ह्यातनं दाखीव. शिकीव मला."

दीपा त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्या पाण्यातूनच दोन उन्हाळ्यांची पोर बाहेर डोकावली. तिनं टेबलाचा खण ओढला, पांढऱ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि काकांच्या पुढं ठेवला.

"आधी पुड्या घाला," ती म्हणाली.

बाकावरची माणसं बघत होती. बाबासोंचे कान लाल झाले. नाकाला मिरची झोंबावी तसं त्यांना झोंबलं, कारण घाव अगदी जिथला तिथं बसला होता. ते एवढा वेळ उभेच होते. आता त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि पहिला कागद घेतला.

दुपारपर्यंत त्यांनी चाळीस पुड्या घातल्या. मध्येच एकदा दीपानं घातलेली एक पुडी त्यांनी उचलून बघितली. तिची चौथी घडी जरा तिरकी होती. बाबासोंनी ती उलगडून नीट घातली, आणि हे तिनं पाहिलं की नाही ते चोरून बघितलं.